हे राहिलं, की हे कोणाचंच नव्हतं?

माझी मावशी शाळा कशी चालवावी याचं शिक्षण घेते आहे. शाळा ती त्याच्या बऱ्याच आधीपासून चालवते आहे. हा क्रम तुम्हाला उलटा वाटेल, पण आपल्याकडे तो असाच असतो. एखादी चांगली गणिताची शिक्षिका असते, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी वर्गात तिची जरब असते. मग एके दिवशी आधीच्या मुख्याध्यापिका निवृत्त होतात आणि संस्थाचालक म्हणतात, "आता तुम्हीच बघा." शुक्रवारी ती नववी 'ब'ला त्रिकोणांची एकरूपता शिकवत असते, सोमवारी तिच्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा, अग्निशमनाच्या दाखल्याची फाइल, शाळेच्या सरकारी आकडेवारीचा यू-डायस फॉर्म, पीएफचं चलन आणि बसड्रायव्हरचा राजीनामा असतो. बाकोबा काय नि कोबाको काय, इथे एकही कसोटी लागू पडत नाही.

राजीनामा परत घ्यायला लावायचा कसा, हे बी.एड.ला कोणी शिकवलेलं नसतं. त्या सोमवारी मावशीने दोन गोष्टी केल्या. ड्रायव्हरला चहा पाजला, आणि संध्याकाळी मुक्त विद्यापीठाचं माहितीपत्रक मागवलं. ड्रायव्हर अजून आहे. माहितीपत्रकंही अजून येतात.

काका एचएएलमधले. आधी नाशिकजवळ ओझरला, मिग विमानांच्या कारखान्यात. मग बदली होऊन बंगळूरला आले ते इथलेच झाले. इंदिरानगरातल्या कित्येक पत्त्यांवर अजून 'एचएएल सेकंड स्टेज' असं लिहितात, त्यामुळे निवृत्त होऊनही आपण कंपनीच्या आवारातच राहतो असं काकांना वाटतं. सीएमएच रोडच्या मागे एका क्रॉसवर त्यांचं बैठं घर आहे. आजूबाजूची बैठी घरं एकेक करून कॅफे, बुटीक नि घरची बिअर पाजणारी हॉटेलं झाली, २०११ साली रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावायला लागली, हे घर मात्र हललं नाही. घरात मावशी, काका, काकांची आई म्हणजे साताऱ्याकडच्या आजी, आणि मी. मी नोकरीसाठी आलो आणि जागा मिळेपर्यंत मावशीकडे उतरलो. जागा अजून मिळालेली नाही. मावशीच्या दफ्तरी माझी नोंद 'तात्पुरती नियुक्ती, मुदतवाढीसह' अशी आहे.

ओझरला असताना मावशीच्या निम्म्या मैत्रिणींनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका, म्हणजे शिक्षकवर्गात सर्वतोमुखी असलेली 'डीएसएम', करून ठेवली होती. मावशी तेव्हा म्हणाली होती, "मला कुठे मुख्याध्यापिका व्हायचंय?" या म्हणण्याची शिक्षा म्हणून की काय, बंगळूरला आल्यावर तिने एकापुढे एक सगळंच केलं. आधी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासनाची पदव्युत्तर पदविका. मग दिल्लीच्या 'नीपा'चा शालेय नेतृत्वाचा ऑनलाइन अभ्यासक्रम. 'नीपा' ही १९६२ साली युनेस्कोच्या मदतीने निघालेल्या केंद्रातून वाढलेली संस्था. शालेय नेतृत्वासाठी वेगळं राष्ट्रीय केंद्र मात्र तिथे २०१२ साली आलं. मधली पन्नास वर्षं देशातल्या मुख्याध्यापकांनी कशी काढली असतील, असं मी एकदा विचारलं. मावशी म्हणाली, "माझ्यासारखी. चहा पाजून." आता तिचं शिक्षणशास्त्रात एम.ए. चालू आहे. बाहेर इंदिरानगर आणि टेबलावर इंदिरा गांधी विद्यापीठाची पुस्तकं, हे बघून काका पाहुण्यांना सांगतात, "आणीबाणी तेवढी आत आहे."

ही जमात ओळखायची कशी? पर्समध्ये शिट्टी असते. लग्नपत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं जातं, मग मुहूर्त. मेट्रोने चौघं कुठे निघालो की इंदिरानगर स्टेशनात आत शिरताना आणि बाहेर पडताना मोजणी होते. पंगतीत वाढपी भातावर वरण घालायला वळला रे वळला की हिचा हात वर जातो: "आधी त्या कोपऱ्यातून या, म्हणजे कोणी सुटणार नाही." आणि गंमत म्हणजे वाढपी खरंच त्या कोपऱ्यातून येतो. अशी एक तरी आत्या, मावशी किंवा वन्सं प्रत्येक घरात असते. तिच्यामागे सगळे हसतात, आणि कार्य घरात असलं की पहिला फोन तिलाच जातो.

पण मावशीची खरी खूण म्हणजे तिचं वाक्य. दूध उतू गेलं, गिझर रात्रभर चालू राहिला, फाटकाची कडी लागली नाही, काहीही झालं की ती शांतपणे विचारते, "हे राहिलं, की हे कोणाचंच नव्हतं?"

दिसतं तितकं हे वाक्य साधं नाही. काम एखाद्याचं होतं आणि त्याच्याकडून राहिलं, तर ती माणसाची चूक. माणसाला क्षमा आहे. पण ते काम मुळात कोणाकडे नव्हतंच, तर तो व्यवस्थेतला दोष. व्यवस्थेला बैठक आहे. त्यामुळे आम्ही सगळे आता चटकन "माझ्याकडून राहिलं" म्हणून मोकळे होतो. जे माझ्याकडून राहिलेलं नसतं तेही. एकदा शेजारच्या मांजराने कढईतलं पिठलं सांडलं तेव्हा काकांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं, कारण दुसऱ्या दिवशी भारत-ऑस्ट्रेलिया सामना होता.

बैठक रविवारी, पोह्यांनंतर. विषयपत्रिका आदल्या रात्री फ्रिजवर लागते. विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. आजी अध्यक्ष, कारण त्या वयाने ज्येष्ठ आहेत आणि त्यांना ऐकू कमी येतं. काका सदस्य-सचिव. हे पद त्यांनी आधी हसण्यावारी नेलं होतं, पण मावशीने सांगितलं की कोठारी आयोगात जे. पी. नाईक सदस्य-सचिव होते, तेव्हापासून काका पेन स्वतःचं आणतात.

जे. पी. नाईक हे मावशीचं दैवत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचा मुलगा, पुढे गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करणाऱ्यांत, आणि १९६४ ते ६६ या काळात देशाच्या शिक्षणाची जन्मपत्रिका मांडणाऱ्या आयोगाचा कर्ता लेखणीधर. बंगळूरात कोणी शिक्षणावर बोलायला लागलं की मावशी दहाव्या मिनिटाच्या आत नाईकांना आणतेच. "हे २०२० च्या धोरणात शाळासंकुल म्हणून नवीन आलंय म्हणतात ना? अहो, आपल्या नाईकांच्या आयोगाने १९६६ साली सांगून ठेवलंय!" कल्पना अशी की एकेकटी शाळा दुबळी असते, जवळपासच्या शाळांनी एकत्र येऊन प्रयोगशाळा, ग्रंथालय, चांगले शिक्षक वाटून वापरावेत. सरकार ती अमलात आणेपर्यंत थांबायची मावशीची तयारी नव्हती. तिने आमच्या क्रॉसवर संकुल काढलं. शिडी समोरच्या तमिळ मामींकडे, ड्रिल मशीन काकांकडे, मोठं पातेलं मंगळूरच्या कोकणी बाईंकडे, आणि वरच्या मजल्यावरच्या स्टार्टअपवाल्या पोरांकडे प्रिंटर. वही एक, नोंद सक्तीची. आम्ही सगळे हसलो होतो. आज त्या क्रॉसवर एकाच्याही घरात दुसरी शिडी नाही, आणि यू-डायसच्या मोसमात तो प्रिंटर मावशीच्या शाळेसाठीच राबतो.

अभ्यासाचा विधी रात्री साडेनऊनंतर. जेवणाचं टेबल पुसायचं, वर्तमानपत्र अंथरायचं, स्टीलच्या डब्यातून तीन रंगांची स्केचपेनं काढायची. लाल म्हणजे महत्त्वाचं, हिरवं म्हणजे परीक्षेत येणारं, निळं म्हणजे शाळेत उद्याच करून बघण्याजोगं. पान पुरं होईपर्यंत सगळंच लाल, हिरवं किंवा निळं झालेलं असतं आणि न अधोरेखलेलं वाक्य शोधावं लागतं. या निळ्याची आम्हाला भीती वाटते, कारण शाळेत उद्या करायचं ते आज घरात करून बघितलं जातं.

अशा रीतीने आमच्याकडे एकेक महापुरुष येऊन राहून गेले. पहिले आले आंरी फायॉल. हे फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीतले अभियंते. त्यांनी १९१६ साली व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं सांगितली आणि जगभरचे मुख्याध्यापक ती पाठ करतात. कोळसा आणि मुलं यांत काहीतरी साम्य त्यांना दिसलं असणार. त्यांतलं एक तत्त्व म्हणजे आज्ञेची एकवाक्यता, एका माणसाला एकच वरिष्ठ. मावशीने काकांना विचारलं, "तुमचे वरिष्ठ कोण?" काकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आजींच्या खोलीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "म्हणूनच मी खाणीत नोकरी केली नाही."

मग मॅकग्रेगर आले, १९६० सालचे. त्यांच्या मते वरिष्ठांचे दोन प्रकार. 'एक्स'वाल्यांना वाटतं की माणूस मुळात कामचुकार, त्याच्या मागे उभं राहिल्याशिवाय तो हलत नाही. 'वाय'वाल्यांना वाटतं की माणसाला काम आवडतं, त्याच्यावर विश्वास टाकावा. मावशी मनापासून वाय आहे. शाळेतल्या प्रत्येक शिक्षकावर तिचा पूर्ण विश्वास आहे, आणि तो बरोबर आहे ना हे बघायला ती दिवसातून दोन फेऱ्या मारते. तिसऱ्यांदा 'बहिणीचं लग्न' या कारणासाठी रजा मागायला आलेल्या पीटीच्या सरांना तिने रजा दिली, आणि वर आहेर पाठवला. सरांनी तो परत आणून दिला, आणि तेव्हापासून ते रजेच्या अर्जात खरं कारण लिहितात. याला एक्स म्हणावं की वाय, हे मॅकग्रेगरनाच विचारायला हवं.

सगळ्यात जास्त दिवस राहिले ते कोहेन, मार्च आणि ओल्सन. या तिघांनी १९७२ साली असं मांडलं की विद्यापीठांसारख्या संस्थांत निर्णय विचार करून होतच नाहीत. एक कचऱ्याचा डबा असतो. त्यात कोणी प्रश्न टाकतं, कोणी आपल्या आवडीचं उत्तर टाकतं, माणसं येतात-जातात, आणि डबा भरला की जे वर आलेलं असतं तो निर्णय. मावशीने हे मोठ्या उत्साहाने जेवताना सांगितलं. काकांनी ताक प्यायचं थांबवून विचारलं, "ओला की सुका?" बंगळूरात कचरा वेगळा केला नाही तर गाडीवाला नेत नाही, हे या प्राध्यापकांना माहीत नसावं, असं त्यांचं म्हणणं. मावशी रागावली, पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभेहून आली ती गप्पच होती. सभा वार्षिक स्नेहसंमेलनाची होती. ठराव झाला तो मुलींच्या स्वच्छतागृहाचे नळ बदलण्याचा. "हा निर्णय कुठून आला?" असं मी विचारलं. "डब्यातून," ती म्हणाली, "पण चांगला आला." नळ बदलले गेले. स्नेहसंमेलनाचं काय करायचं हे पुढे फीवाढीच्या सभेत ठरलं.

कार्ल वाइक यांनी १९७६ साली आणखी एक गोष्ट सांगितली. शाळेचे भाग एकमेकांना सैलसर बांधलेले असतात. कार्यालयात एक ठरतं, वर्गात दुसरं होतं, वेळापत्रकात तिसरंच लिहिलेलं असतं, आणि तरी शाळा चालते. किंबहुना म्हणूनच चालते, कारण एक टोक तुटलं तरी दुसरं टिकून राहतं. मावशीला हे अजिबात पटत नाही. सैल बांधलेलं काहीही तिला चालत नाही, मग तो मोतीचुराचा लाडू असो की सातवीची रांग. पण ती राहते त्या गावात रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांचं तत्त्वज्ञान 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' हेच आहे, आणि वीस-पंचवीस वर्षं या वाक्याशी झुंजून तीही आता सकाळच्या प्रार्थनेला पाच मिनिटं उशिरा आलेल्या मुलांसाठी फाटक उघडं ठेवायला शिकली आहे. फाटकापाशी स्वतः उभी असते, एवढंच.

राहुल द्रविडबद्दल मात्र तिच्यात आणि बंगळूरात मतभेद नाहीत. २०२१ सालच्या त्या जाहिरातीत तो गाडीतून बाहेर येऊन 'इंदिरानगर का गुंडा' म्हणून ओरडला, तेव्हा सगळा देश हसला. मावशी हसली नाही. "मराठी घरातला मुलगा," ती म्हणाली, "आणि सेवक-नेतृत्वाचं चालतंबोलतं उदाहरण. ग्रीनलीफने १९७० साली हेच लिहिलंय: आधी सेवा, मग नेतृत्व. कधी ओरडला का तो?" काका म्हणाले, "त्याला ओरडायची गरज नव्हती. गुंडगिरीचं खातं आपल्या घराकडे आहे."

तर हे सगळं शिकून झाल्यावर एकच धडा मावशीच्या अंगी लागलेला नाही, आणि तोच परीक्षेत हमखास येतो. जबाबदारी सोपवणे. नेतृत्व वाटून घ्यावं, प्रमुखाने प्रत्येक कामात स्वतः हात घालू नये, हाताखालच्यांना चुका करू द्याव्यात. या प्रश्नाचं उत्तर तिने गृहपाठात असं लिहिलं की तपासणाऱ्याने शेजारी 'उत्तम' असा शेरा मारला. मी ते लिहिताना बघितलं आहे. एका हातात पेन, दुसऱ्या हातात गाळणं, कारण काका चहा गाळताना गाळणं आपटतात. 'सहकाऱ्यांच्या क्षमतेवर विश्वास ठेवणे' हे वाक्य अर्ध्यावर सोडून ती आजींच्या औषधाची डबी भरायला उठली. ती मी भरली होती, ती तिने ओतून पुन्हा भरली. तशीच होती. "बरोबर होतं," ती मला म्हणाली, आणि परत येऊन वाक्य पूर्ण केलं.

गृहपाठ हाताने लिहायचे असतात, आणि त्याची आमच्या घरात एक शोभायात्राच असते. रेघांचे कागद मी आणतो. समास काका आखतात, एचएएलमधल्या स्टीलच्या पट्टीने, अर्धा मिलिमीटरही न चुकता. पानं शिवतात आजी, गोधडीच्या सुईने आणि दुहेरी दोऱ्याने. मावशीचं म्हणणं की हे आम्ही तिला मदत करतो असं नसून आम्ही सहभागी व्यवस्थापन करतो. आजींचं म्हणणं की सुई त्यांची आहे.

आजींना हे शिक्षण मुळातच पटलेलं नाही. त्यांचे वडील रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात वाढलेले. एकदा मावशी मोठ्याने वाचत होती की स्टॅनफर्डच्या क्यूबर्लींनी शाळांच्या प्रशासनावर १९१६ सालीच जाडजूड ग्रंथ लिहिला. आजींनी शांतपणे विचारलं, "आणि रयत कधी निघाली गं?" "१९१९ साली. काल्याला." "मग तीन वर्षांत ते पुस्तक कऱ्हाडपर्यंत पोचलं असेल का?" मावशी काही बोलली नाही. आजींनी पुढचा टाका घातला. "रयत काढणारे भाऊराव अण्णा मॅट्रिकसुद्धा नव्हते. त्यांनी कुठला डिप्लोमा केला होता?"

"त्यांनी केला नाही, सासूबाई," मावशी म्हणाली, "आता लोक त्यांच्यावर करतात."

मावशीने आजींना उलट उत्तर दिल्याचा आमच्या माहितीतला हा एकमेव प्रसंग. इतिवृत्तात तो नाही.

मला स्वतःला या शिक्षणाची किंमत कळली ती सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी. बंगळूरला पाऊस नवा नाही, पण त्या दिवशी दीड तासात त्याने शहर बंद पाडलं. जुन्या मद्रास रोडवर शाळेच्या दोन बस अडकल्या, घ्यायला येणारे आईबाप जिथे होते तिथेच थांबले, आणि शाळेत तीस-चाळीस पोरं उरली. मावशीचा फोन आला: "थर्मास, टॉर्च, पारले-जीचे मोठे पुडे. चालत ये." मी पोचलो तेव्हा वीज गेली होती. शाळेचा आपत्ती-व्यवस्थापन आराखडा मावशीने स्वतः करून, लॅमिनेट करून ठेवलेला आहे. तो कार्यालयाच्या कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं. किल्ली कारकुनाकडे होती, आणि कारकून दुपारीच घरी गेला होता. किल्ली सांभाळणं हे तिने आयुष्यात दुसऱ्यावर सोपवलेलं बहुधा एकमेव काम.

मावशीने कपाटाकडे एकदा पाहिलं. मग पर्स उघडली, त्यातून दुसऱ्या दिवशी पाठवायचा गृहपाठ काढला, काकांच्या समासाचा, आजींच्या दोऱ्याचा, आणि तो उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर रकाने पाडले: मुलाचं नाव, इयत्ता, कोण घ्यायला आलं, किती वाजता, सही. लहानांना पायरीच्या आतल्या बाजूला, मोठ्यांना बाहेरच्या. प्रत्येक मोठ्या मुलाच्या हातात दोन लहान. 'अळबेड', 'अळादे', 'एडवकु', 'रो मत': बंगळूरात पोरं ज्या ज्या भाषेत रडतात, त्या प्रत्येक भाषेत तिला रडू नको म्हणता येतं. कोणाच्या वडलांचा फोन बंद असतो, कोणाची आई कुठल्या दुकानात काम करते, कुठल्या मुलीला मामाकडे द्यायचं नाही, हे कुठल्याही आराखड्यात नव्हतं. ते तिच्या डोक्यात होतं. शेवटी आलेला बाप डिलिव्हरीच्या गाडीवरून आला, रेनकोटसकट निथळत. उशीर झाला म्हणून तो पुन्हा पुन्हा माफी मागत होता. तिने त्याला आधी चहा दिला, मग मूल दिलं. मधे सही घेतली. सहीशिवाय काही नाही.

घरी आल्यावर काकांनी टॉर्चच्या उजेडात गृहपाठाची ती मागची बाजू बघितली. ओघळलेली शाई, तऱ्हेतऱ्हेच्या सह्या, एक अंगठा. पुढच्या बाजूला प्रश्न होता, 'संस्थेतील संकटकालीन नियोजनाची तत्त्वे स्पष्ट करा.' काका म्हणाले, "ही बाजू वर करून पाठव. जास्त मार्क पडतील." मावशीने ऐकलं नाही. सह्यांचे कागद शाळेच्या फायलीत गेले आणि गृहपाठ तिने रात्रभर बसून नव्याने लिहिला. समास काकांनीच पुन्हा आखले. बोलले काही नाहीत, पण पट्टी पुसून घेतली.

गेल्या महिन्यात अभ्यासक्रमात तीनशे साठ अंशांचं मूल्यमापन आलं. म्हणजे प्रमुखाबद्दल वरच्याने, बरोबरच्याने आणि खालच्याने मत द्यायचं. निळं स्केचपेन निघालं तेव्हाच आम्ही समजलो. आजी वर, काका बरोबरीला, मी खाली. तीन कागद वाटले गेले. "निनावी आहे," मावशीने बजावलं, "मोकळेपणाने लिहा." तीन माणसांत निनावी राहणं सोपं नसतं, त्यातून काका ड्रॉइंगच्या ठळक अक्षरांत लिहितात आणि आजींचा हात कापतो. पहिले दोन प्रश्न आम्ही पटापट पूर्ण गुण देऊन उरकले. तिसरा होता, 'सुधारणेस वाव.'

रविवारी निकाल वाचला गेला. कापऱ्या अक्षरात होतं, 'सूनबाई बसत नाही.' ठळक अक्षरात होतं, 'प्रमुखांनी जेवण झाल्यावर तरी खाली बसावे.' उरलेल्या कागदावर जे होतं तेही साधारण तेच होतं. मावशीने तिन्ही कागद एकावर एक ठेवले, आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, "शंभर टक्के एकमत. म्हणजे तुम्ही आपसात बोललात. हा डेटा वापरता येणार नाही."

पण अध्यक्षांना त्या दिवशी नेमकं सगळं ऐकू येत होतं. त्यांनी ठराव मांडला, मी अनुमोदन दिलं, आणि सदस्य-सचिवांनी स्वतःच्या पेनने इतिवृत्तात लिहिलं: 'रोज संध्याकाळी अर्धा तास बसणे.' पुढचा रकाना जबाबदारीचा. तो रिकामा ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. मावशीने घड्याळ बघितलं, कुकर बघितला, एम.ए.च्या पुस्तकांचा गठ्ठा बघितला, आणि वही आपल्याकडे ओढून त्या रकान्यात काकांचं नाव लिहिलं.

गेला महिनाभर काका रोज संध्याकाळी व्हरांड्यात अर्धा तास तिच्या वतीने बसतात. मावशी आतून दोनदा डोकावून जाते, नीट बसले आहेत ना बघायला.